ताई, पेढे नका आणू!

गेल्या वर्षीची गोष्ट. १२ मे, परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही दरवर्षी गावातल्या रुग्णालयात जातो, सिस्टरना गुलाबाचं फूल देतो, पेढ्यांचा बॉक्स देतो, एक फोटो काढतो आणि घरी येतो. त्या दिवशी मी बॉक्स पुढे केला तर स्त्री वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर हसून म्हणाल्या, ‘‘ताई, पुढच्या वर्षी पेढे नका आणू. वजन ७८ वर गेलंय, साखरही काठावर आलीय.’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. बॉक्स मात्र तिथेच ठेवून आले!

त्या वाक्याचा अर्थ मला जुलैत कळला. सासूबाईंना न्यूमोनिया झाला आणि त्याच वॉर्डात मी पाच रात्री त्यांच्या उशाशी बसून काढल्या. नाइटला याच सिस्टर होत्या. वॉर्डात ३४ पेशंट, सिस्टर एक आणि मदतीला एक मावशी. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. इथे तो कागदावरच राहिलेला. सलाईन संपलं, धावा. ऑक्सिजन लावा, इंजेक्शन द्या, नातेवाइकांची बोलणी खा. रात्री तीन वाजता त्यांनी डबा उघडला. दुपारची गार पोळी-भाजी. दोन घास खाल्ले नाहीत तोच १४ नंबरच्या आजींना धाप लागली. डबा तसाच राहिला. मग चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं. तासाभराने पुन्हा चहा.

पहाटे जरा निवांत झालं तेव्हा त्या माझ्याजवळ स्टुलावर टेकल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, रात्रभर पायाला भिंगरी असते. मग वजन का वाढतं हो? परवा एका बाईला डाएट समजावून सांगत होते, तर तिचा मुलगा म्हणाला, आधी तुम्ही कमी करा.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वजन कमी करायचे प्रयोग त्यांनी थोडे केले नव्हते. ओळखीच्या एकीच्या आग्रहाने दुधात घालायच्या पावडरीचे डबे घेतले, पैसे गेले, काटा हलला नाही. मग मनानेच काकडी आणि लिंबूपाण्यावर राहायला लागल्या. नवव्या दिवशी इंजेक्शनच्या ट्रॉलीजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. मावशींनी धरलं म्हणून बरं. ‘‘मी पडले असते तर एक वेळ चाललं असतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण हातात दुसऱ्याचं औषध होतं ना!’’

मैत्रिणींनो, आपण किती सहज म्हणतो, ‘खाणं आवरत नाही म्हणून जाडी वाढते.’ त्या पाच रात्रींनंतर मी तसं म्हणायचं सोडलं. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम विचारलं. त्यांनी सांगितलं, की माणसाच्या शरीराला दिवसरात्रीचं घड्याळ असतं. रात्री खाल्लेल्या अन्नातली साखर शरीर दिवसाइतकी चांगली हाताळत नाही. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. सततच्या ताणाने गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं. म्हणजे सिस्टरची जीभ सैल नव्हती, शरीरच रात्रभर खायला मागत होतं.

आणि घरी काय? सकाळी आठला सुटायचं, हँडओव्हर होईपर्यंत नऊ. घरी भांडी, धुणं, दुपारचा स्वयंपाक. जरा डोळा लागतो न लागतो तोच बेल. कधी कुरिअरवाला, कधी शेजारीण. कधी घरचेच म्हणतात, ‘‘दिवसभर घरीच तर आहेस!’’ जेमतेम तीन-चार तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, हे त्या स्वतः पेशंटला सांगतात.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, पण मला काही चैन पडेना. ऑगस्टमध्ये मी, त्या सिस्टर आणि आणखी सहा जणी अशा आठ जणींनी गट केला. हो, मीही होतेच, माझा काटा काही मागे नव्हता! डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घेतला. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर गेली की सावध व्हायचं, हेही सांगितलं. एकीने वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, ती डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यायची, कुणाचं बघून नाही.

आमचे नियम साधेच. नाइटला जाण्याआधी सातच्या सुमारास घरीच नीट जेवायचं. पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर, सगळं. रात्रीसाठी दुसरा छोटा डबा. त्यात मोडाची मटकी, भाजलेले चणे किंवा उकडलेलं अंडं, सोबत ताक. म्हणजे बिस्किटांवर हात जात नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी ताटभर खायची नाही.

चहाचा हिशेब मांडला तेव्हा आम्ही चाटच पडलो. नाइटला सहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग कप दोनवर आणले आणि साखर अर्धा चमचा.

सगळ्यात अवघड निघाले ते पेढे! प्रसूती वॉर्डात मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. नाही म्हटलं तर माणसं नाराज होतात. त्यावर एका सिस्टरने युक्ती काढली. नखाएवढा तुकडा तोंडात टाकायचा, ‘बाळ सुखी राहो’ म्हणायचं आणि बॉक्स परत त्यांच्याच हातात द्यायचा. कुणी रागावलं नाही.

झोपेसाठी घरच्यांशी बोलावं लागलं. मोठ्या सिस्टरच्या सासूबाईंनीच दारावर पाटी लावली, ‘सूनबाई रात्रपाळी करून झोपल्या आहेत, बेल वाजवू नये.’ नाइटच्या दिवसांत दुपारचा कुकर मिस्टर लावू लागले. मला विचाराल तर अर्धं औषध हेच होतं. चालणंही ठरवलं, आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास, सलग. नाइट असेल त्या दिवशी मात्र आधी झोप.

तर दहा महिन्यांत काय झालं? चमत्कार काही झाला नाही. मोठ्या सिस्टर ७८ वरून ७४ वर आल्या. आहे त्या वजनाच्या पाच-सात टक्के उतरलं तरी मधुमेहाचा धोका बराच कमी होतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांची साखर आता काठाच्या अलीकडे आहे. दोघींचं दोन-दोन किलो उतरलं. एकीचं वाढलं, कारण रजेवर गेलेल्यांच्या बदली तिला महिनाभर सलग नाइट कराव्या लागल्या. तिच्या डब्यात काही खोट नव्हती, खोट ड्यूटीच्या तक्त्यात होती. मी अडीच किलोवर खूश आहे.

या वर्षी १२ मेला आम्ही पेढे नेले नाहीत. चणे आणि ताक नेलं, सिस्टरच्या विश्रांतीच्या खोलीला जाड पडदे शिवून नेले आणि रिकाम्या जागा भराव्यात, असा मंडळाच्या सह्यांचा अर्ज वरिष्ठांना दिला. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा जाणार आहोत.

तुमच्या गल्लीतही एखादी सिस्टर राहत असेल. ती दुपारी दार उघडत नाही म्हणून तिला शिष्ट म्हणू नका. तिच्या वजनाविषयी बोलण्याआधी ती काल किती तास झोपली, ते विचारा. आणि वॉर्डात तुमचं माणूस असेल, तर रात्री तिचा डबा उघडा दिसल्यावर दहा मिनिटं तिला हाक मारू नका. अगदी अडलं असेल तरच मारा. तेवढे चार घास तिचे तिला सुखाने खाऊ द्या.