तव्यावरची सफरचंदे

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन पर्वताची जी दीर्घ रांग पसरली आहे, तिच्या आश्रयाने वसलेल्या व्हर्जिनिया, टेनेसी, उत्तर कॅरोलायना इत्यादी मुलखांत सकाळच्या न्याहारीला अंडी, खारवलेले डुकराचे मांस आणि ऊन ऊन मऊ पाव यांच्या जोडीला परतलेल्या सफरचंदांची वाटी ठेवण्याचा शिरस्ता फार जुना आहे. ही सफरचंदे तेलात बुडवून तळत नाहीत. बिडाच्या जाड तव्यात, मांस परतताना सुटलेल्या चरबीत किंवा लोण्यात, त्यांच्या फोडी मऊ व तांबूस होईपर्यंत ठेवतात. शरद ऋतूत बागेत फळ मुबलक उतरावे, त्यातले निर्दोष तेवढे तळघरात हिवाळ्यासाठी रचून ठेवावे, आणि वाऱ्याने पडलेले वा डागाळलेले तव्यात यावे, अशी त्या काटकसरी संसाराची तजवीज होती. मात्र हा पदार्थ केवळ या दक्षिणेकडच्या मुलखांचा नव्हे. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेने १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फार्मर बॉय’ या पुस्तकात आपल्या पतीचे उत्तर न्यूयॉर्क प्रांतातले बालपण वर्णिले आहे. तिथे हीच सफरचंदे कांद्याबरोबर परतलेली आढळतात.

पदार्थ साधा असला, तरी त्याचे यश जवळजवळ सर्वस्वी फळाच्या निवडीवर अवलंबून असते, आणि नेमकी हीच बाब आपल्याकडे दुर्लक्षिली जाते. सफरचंदाच्या गरातील पेशी पेक्टिन नामक द्रव्याने परस्परांना चिकटलेल्या असतात. उष्णतेने ते द्रव्य विरघळू लागते व फोड मऊ पडते. जे फळ जुने होऊन आतून पिठूळ झालेले असते, त्यात हे बंधन तव्यावर पडण्यापूर्वीच शिथिल झालेले असल्यामुळे, कितीही निगुतीने परतले तरी त्याचा लगदाच होतो. गडद लाल रंगावर भुलून घेतलेले ‘रेड डिलिशस’ जातीचे फळ या कामी बहुधा दगा देते. फळ कडक, ताजे आणि किंचित आंबट हवे. साखरेच्या गोडीला तो आंबटपणाच तोलून धरतो.

चार मध्यम सफरचंदे साल न काढता बोटभर जाडीच्या फोडींत चिरावीत. साल ठेवल्याने फोड अखंड राहते. बिडाच्या तव्यात दोन मोठे चमचे लोणी मध्यम आचेवर वितळवावे. त्याचा फेस बसला, चुरचुर मंदावली आणि खमंग वास सुटला, की फोडी एकावर एक न येतील अशा पसरून चार-पाच मिनिटे झाकण ठेवावे. गरात हवेचा अंश पुष्कळ असल्याने, वाफेने ती निघून गेली की फोडी पाहता पाहता आकसतात. मग झाकण काढून प्रत्येक फोड उलथन्याने एकदाच उलटावी. वारंवार ढवळण्याचा मोह आवरणे हेच येथील मुख्य कौशल्य होय, कारण अर्धवट शिजलेली फोड हलवताच कडांनी मोडते व खालची बाजू तांबूस होण्यास अवसर मिळत नाही. दुसरी बाजूही रंगली, म्हणजे तीन मोठे चमचे तांबडी साखर, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ घालावे. साखर आरंभीच घातली तर ती फळातले पाणी ओढून घेते आणि फोडी परतल्या न जाता पाण्यात उकडतात. शेवटी घातली तर त्याच रसाचा चार-पाच मिनिटांत दाट, चकचकीत पाक होऊन फोडींना लपेटतो. तांबड्या साखरेत काकवीचा अंश असतो, त्यामुळे तिच्या जागी किसलेला गूळ निःशंकपणे वापरावा. माझ्या मते तो अधिकच शोभतो. पदार्थ तयार होताच दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा, कारण आम्लामुळे बिडाचा लोखंडी वास त्याला लागतो. घावनाचा तवा ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा दंडक ठाऊक असेलच.

या कामाला उत्तम असे एक फळ आपल्या बाजारातही येते. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या क्ले परगण्यातील एका शेतात आढळलेल्या पिवळ्या सफरचंदाच्या झाडाचे हक्क १९१४ साली स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने पाच हजार डॉलर देऊन घेतले व त्याला गोल्डन डिलिशस हे नाव दिले. पुढे हिमाचलात, जिथे फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास कोटगढला अमेरिकन जातींची लागवड केली होती, तिथल्या बागांतही ही जात रुजली. ऑगस्ट-सप्टेंबरात हिमाचली माल उतरू लागला, की फळवाल्याकडे लाल रास बाजूला सारून हे पिवळे ‘गोल्डन’ मागावे, दाबून कडक असल्याची खात्री करावी, आणि ते चवीला गोडसर असल्याने वरील प्रमाणात अर्ध्या लिंबाचा रस जरूर पिळावा.