बोटीच्या इंजिनाचा धूर आणि त्याच्या वाटेवरचे सांधे

आमच्या येवल्याकडे डिझेल इंजिन म्हटलं की विहिरीवरचं इंजिन आठवतं. धूर मोकळ्यावर सुटतो, फ्लॅन्जमधून थोडा निसटला तरी कुणाची झोप उडत नाही. तसलंच इंजिन बोटीच्या पोटात बसवलं की प्रकरण गंभीर होतं. हर्णैच्या किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर इंजिन डेकखाली असतं. तिथे सांधा गळला तर कार्बन मोनॉक्साइड आतच साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. नळीच्या बाहेरच्या टोकाला गळती झाली तर उलट समुद्र आत येतो.

'सीलंट कुठला लावू?' हा प्रश्न म्हणून मला घाईचा वाटतो. आधी विचारायचं, या सांध्यावर नेमकं काय काय येतं?

इंजिनाजवळ येते ती उष्णता. भार असताना धुराचं तापमान साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातं. साध्या स्टीलचा प्रसरणांक दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर धरा; १ मीटर नळी ४०० अंशांनी तापली तर जवळजवळ ५ मिलिमीटर लांबते. दोन्ही टोकं घट्ट आवळली असतील तर हे ५ मिलिमीटर जाणार कुठे? गॅस्केट चिरडतं, नाहीतर वेल्डिंगला तडा जातो. म्हणून मध्ये लवचिक बेलोज लागतो. इथे कुठलाही रबरी सीलंट टिकत नाही, धातूच्या जाळीचं किंवा ग्रॅफाइटचं गॅस्केटच हवं.

धूर उभ्या नळीतून वर सोडला की ती 'कोरडी' पद्धत. 'ओल्या' पद्धतीत इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी एका एल्बोत धुरात मिसळतात. त्यातलं थोडं पाणी वाफ होतं, आणि १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. ती धुरातूनच जाते, त्यामुळे पुढे रबरी होज चालतो. पण आता मीठही आलं. क्लोराइडमुळे ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात; मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जास्त टिकतं, पण तेही अमर नाही. म्हणून एल्बो अधूनमधून काढून आतून बघायचा असतो. होजच्या प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प लावतात, स्क्रू समोरासमोर ठेवून. गळणाऱ्या होजला वरून सीलंट फासणं म्हणजे निव्वळ दिवस ढकलणं.

आता बोटीच्या भिंतीतलं भोक. फायबरच्या बोटीत दोन थरांच्या मध्ये लाकडाचा गाभा असेल तर भोकाची कड आधी इपॉक्सीने बंद करावी, नाहीतर पाणी गाभ्यात मुरून तो कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मग फ्लॅन्जखाली सीलंट. पॉलियुरेथेन इतकं चिकटतं की पुढे फिटिंग काढताना वरचा थर उखडू शकतो. पॉलिसल्फाइड तुलनेने सोडवता येतं, पण काही प्लास्टिकना ते खातं, म्हणून प्लास्टिकच्या फिटिंगला लावण्याआधी तपासा. नट इतका आवळू नये की सगळा सीलंट बाहेर येईल. मध्ये थर उरला तरच तो थरथर सोसतो.

आपल्याकडे यात एक गंमत आहे. बोटी दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढल्या जातात त्या जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, म्हणजे भर पावसात. एका डब्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, पण ज्या पृष्ठभागावर ते लावायचं तो मात्र कोरडा लागतो. ताडपत्रीखाली कोकणातल्या दमट हवेत धरलेला सांधा आणि प्रयोगशाळेत ५० टक्के आर्द्रतेला धरलेला सांधा, यांची ताकद सारखी निघते का? पॉलिमरमध्ये प्रकल्प शोधणाऱ्यांनी याचे नमुने बनवून बघावेत. ओढून तोडायचं साधं यंत्र पुरतं.

आणखी एक गोष्ट सीलंटच्या पलीकडची. पाणी मिसळण्याची जागा जलरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल तर इंजिन बंद झाल्यावर सायफनने पाणी एल्बोत येत राहतं, तिथून सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. उपाय म्हणजे पाण्याच्या नळीला जलरेषेच्या बऱ्याच वर नेलेला वळसा आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह मिठाने चिकटतो, म्हणून दर हंगामाआधी उघडून गोड्या पाण्याने धुवावा.