कातडीवरून वाचलेला श्वास

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात बुंदेलखंडातली अत्यवस्थ बाळं येतात. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री तिथल्या नवजात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 10 बाळं त्या रात्रीच दगावली. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयानेही 10 बाळं अशीच गमावली होती. अशा दुर्घटनेनंतर चर्चा होते ती वायरिंगची, दारांची, अग्निशामक नळकांड्यांची. ती व्हायलाच हवी. पण या विभागांत रात्रंदिवस काय चालतं, हेही आपण जाणून घ्यायला हवं. तिथलं फार नाजूक काम म्हणजे बाळाच्या रक्तातल्या वायूंवर लक्ष ठेवणं.

व्हेंटिलेटरवरच्या बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर जीव धोक्यात येतो. जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा बिघडू शकतो. कार्बन डायऑक्साइड घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, वाढला की फुगतात. कोवळ्या मेंदूला दोन्ही घातक.

हे मोजायची खात्रीची रीत म्हणजे धमनीतलं रक्त काढून त्यातले वायू तपासणं, म्हणजेच ‘एबीजी’. तिचा पाया 1952 मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ साथीत पक्का झाला. श्वास थांबलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून श्वास देत होते. तो पुरेसा पोचतो का, हे कळावं म्हणून पॉल अ‍ॅस्ट्रुप यांनी रक्ताच्या आम्लतेवरून कार्बन डायऑक्साइड काढण्याची पद्धत बसवली.

मोठ्या माणसाला ही तपासणी सोसते. किलोभराच्या बाळाच्या अंगात मात्र सगळं मिळून 80 ते 90 मिलिलिटर रक्त असतं, चहाच्या छोट्या कपाएवढं. एका वेळी अर्धा मिलिलिटर काढला आणि दिवसातून आठदा तपासलं, तर 4 मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाच टक्के रक्त तपासणीतच जातं. शिवाय कळते ती त्या क्षणाची स्थिती. पुढच्या तासाची नाही.

यावर 1970 च्या दशकात जर्मनीत रेनाटे आणि आल्बर्ट हूख या डॉक्टर दांपत्याने वाट काढली. कातडी 43-44 अंशांपर्यंत उबवली की खालच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातला वायू कातडीतून झिरपतो. तिथे चिकटवलेलं संवेदक बटण तो सतत मोजतं. नवजाताची कातडी पातळ, म्हणून ही युक्ती लहानग्यांनाच जास्त लागू पडते. पथ्यंही आहेत: बटणाची जागा दर काही तासांनी बदलावी लागते, नाहीतर चटका बसतो, कातडीचा रक्तपुरवठा मंदावला की आकडा फसवतो. म्हणून अधूनमधून एबीजीशी ताळा घ्यावाच लागतो.

बोटाला किंवा तळपायाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आता सर्वत्र दिसतो. पण त्याला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, आणि सावळ्या कातडीवर तो ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, असं अभ्यासांतून पुढे आलं आहे. आपल्या देशात ही बाब किरकोळ मानून चालणार नाही.

म्हणून जिल्ह्याच्या पातळीवरही व्हेंटिलेटर घेताना सतत वायू मोजण्याची सोय सोबतच मागायला हवी. आणि त्याच खर्चात आकडा वाचून लगेच उपाय करणारी पुरेशी परिचारिका मंडळी आणि सुरक्षित वीजजोडणीही धरायला हवी. यांतलं एकही वगळलं, तर नवं यंत्र आलं तरी बाळाची राखण अपुरीच राहते.