ताशी ४०५, फेऱ्या फक्त ५९

मंडळी, सुरुवातीला एक कोडं घालते. चोवीस तासांची शर्यत आहे. जिंकणाऱ्या गाडीने ३९४ फेऱ्या मारल्या. दुसरी एक गाडी ५९ फेऱ्यांतच आटोपली आणि शनिवारीच घरी जायला मोकळी झाली. तरी त्या टीमची माणसं खूश! का?

उत्तर शेवटी नाही, मध्येच येईल. (आमचे एक सर म्हणतात की सस्पेन्स कादंबरीत ठेवावा, जर्नलमध्ये नाही.) आणि हो, मी पडले कॉन्व्हेंटवाली. मराठीत कुठे ठेच लागली तर सांभाळून घ्या.

शर्यत कुठली?

फ्रान्समध्ये ले माँ नावाचं शहर आहे. स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ आहे, पण तो आपल्या काही मित्रांच्या पहिल्या लेक्चरच्या हजेरीसारखा, फक्त कागदावर! तिथे १९२३ पासून जूनमध्ये (काही वर्षांचे अपवाद सोडून) चोवीस तासांची मोटार शर्यत होते. एक गाडी, आलटून पालटून चालवणारे ड्रायव्हर, दिवस, रात्र, पाऊस, सगळं त्यातच. शर्यतीच्या मार्गाचा मोठा भाग म्हणजे चक्क सार्वजनिक रस्ता. एरवी तिथून ट्रक आणि भाजीच्या गाड्या जातात. त्यातला सर्वात नावाजलेला तुकडा म्हणजे युनोदिएर. इंग्रज त्याला मुल्सान स्ट्रेट म्हणतात. जवळजवळ ६ किलोमीटर सरळसोट रस्ता आणि शेवटी कचकन उजवीकडे वळण. १९८८ साली एक फेरी १३.५३५ किलोमीटरची होती, म्हणजे फेरीचा जवळपास निम्मा भाग हा एकच रस्ता!

टीम कुठली?

टीमचं नाव डब्ल्यूएम. डब्ल्यू म्हणजे जेरार वेल्टेर आणि एम म्हणजे मिशेल म्यूनिए. दोघं पूजो कंपनीत गाड्यांच्या डिझाइन विभागात नोकरीला होते. १९६९ साली त्यांनी हौस म्हणून स्वतःची रेसिंग कार बनवायला घेतली. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गाडी. मदतीला जमलेले बहुतेक लोक असेच, पगार नाही, फक्त आवड. १९७६ पासून ही मंडळी स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन ले माँला यायला लागली. इंजिन मात्र घरच्यासारखंच, पूजो, रेनो आणि व्होल्वो या तीन कंपन्यांनी मिळून काढलेलं व्ही-सिक्स. म्हणजे मुळात घरगुती गाड्यांचं इंजिन! त्याला यांनी दोन टर्बो लावले.

१९८० मध्ये त्यांची गाडी एकूण क्रमवारीत चौथी आली. हौशी टीमसाठी हे म्हणजे एटीकेटीवाल्याने मेरिटमध्ये येण्यासारखं. पण त्यानंतर हिशोब बदलला. १९८१ ते १९८७ अशी सलग सात वर्षं पोर्शेची गाडी जिंकत होती, आणि जॅग्वारसुद्धा पूर्ण ताकदीने उतरली होती. मोठ्या कंपनीकडे सुटे भाग असतात, टेस्टिंगला वेळ असतो, तीन-तीन, पाच-पाच गाड्या असतात. डब्ल्यूएमकडे रविवार होता!

अशा वेळी लहान टीम दोन गोष्टी करू शकते. दरवर्षी येऊन अकरावा-बारावा नंबर काढायचा, किंवा प्रश्नच बदलायचा. डब्ल्यूएमने प्रश्न बदलला. ‘चोवीस तासांत सर्वात जास्त अंतर कोण जाईल’ याऐवजी ‘युनोदिएरच्या रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटर पार करता येतील का?’ या कामाला त्यांनी ‘प्रोजेक्ट ४००’ असंच नाव दिलं.

४०० इतकं अवघड का?

त्या काळी वेगवान गाड्या तिथे साधारण ३५०-३७० पर्यंत सहज जात. मग आणखी तीस-चाळीस म्हणजे काय मोठंसं? इथे फ्लुइड मेकॅनिक्स आडवं येतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि त्या विरोधाला तोंड द्यायला लागणारी शक्ती वाढते वेगाच्या घनाच्या प्रमाणात. आता ३५० वरून ४०५ वर जायचं म्हटलं तर वेग वाढतो साधारण १६ टक्के, पण शक्ती लागते ५५ टक्के जास्त! समजा एका गाडीला ३५० साठी ६०० अश्वशक्ती पुरते. त्याच आकाराच्या गाडीला ४०५ साठी ९३० च्या घरात लागेल. डब्ल्यूएमचं इंजिन त्या शर्यतीत ९०० च्या आसपास देत होतं असं धरलं जातं. म्हणजे हिशोब अगदी काठावरचा. उरलेलं काम गाडीच्या आकारानेच करायला हवं.

म्हणून त्यांनी गाडी लांब शेपटीची केली, मागची चाकं झाकून टाकली, हवेला अडायला जागाच ठेवायची नाही असं धोरण. पण फुकट काहीच मिळत नाही. रेसिंग कार वळणावर रस्त्याला चिकटून राहते ती हवेच्या दाबामुळे, आणि तो दाब मिळवायचा तर विरोधही वाढतो. सरळ रस्त्यासाठी विरोध कमी केला की वळणावर पकड कमी होते. रेडिएटरला हवा द्यायला मोठी तोंडं ठेवली की वेग जातो, लहान ठेवली की इंजिन तापतं. इकडून ओढलं की तिकडून उघडं पडतं, हॉस्टेलच्या चादरीसारखं.

आता टायरचं बघा. ताशी ४०५ म्हणजे सेकंदाला ११२.५ मीटर. टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली तर चाक मिनिटाला सुमारे ३,२५० वेळा फिरतं. टायरच्या पृष्ठभागावरच्या १० ग्रॅम रबराला बाहेर फेकणारा जोर येतो साधारण ३९ किलो वजनाइतका! आणि ब्रेक? ड्रायव्हर आणि पेट्रोलसकट गाडी १,००० किलो धरली तर त्या वेगाला तिच्यात ६.३ मेगाज्यूल ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाचं सुमारे १९ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. म्हणजे आंघोळीची एक अख्खी बादली. सोलर बंद असलेल्या सकाळी ज्यांनी हीटिंग कॉइल लावून बादली तापायची वाट पाहिली आहे त्यांनी विचार करावा, एवढी उष्णता त्या ब्रेकना प्रत्येक फेरीत काही सेकंदांत रिचवायची होती.

अजून एक मुद्दा. त्या काळच्या ग्रुप सी नियमांत गाडीला संपूर्ण शर्यतीसाठी ठरावीक पेट्रोलच मिळायचं. टर्बोचा दाब वाढवून सतत पळवली तर सकाळपर्यंत कोटा संपलाच म्हणून समजा. म्हणून जिंकायला आलेल्या टीम हात राखून चालवत. डब्ल्यूएमला सकाळची चिंताच नव्हती. आलं ना लक्षात? जी मर्यादा जिंकणाऱ्यांना बांधून ठेवत होती ती यांच्यासाठी जवळजवळ नव्हतीच.

तो शनिवार

१९८७ मध्ये पहिला प्रयत्न झाला. वाहतुकीला अजून न उघडलेल्या एका फ्रेंच महामार्गावर चाचणीत गाडी ४१६ गेली, पण ले माँच्या शर्यतीत अधिकृत नोंद झाली फक्त ३८१ ची. प्रॅक्टिकलला रीडिंग बरोबर आलं आणि एक्स्टर्नलसमोर आलं नाही, तसलीच गत.

११ जून १९८८. दोन गाड्या घेऊन टीम पुन्हा हजर. पहिले काही तास काही धड गेले नाहीत. गाडी बराच वेळ पिटमध्येच, दुरुस्त्या चाललेल्या. संध्याकाळी रॉजे दोर्शी या ड्रायव्हरला टर्बोचा दाब वाढवून पुन्हा बाहेर पाठवलं. ले माँची रडार युनोदिएरवर लावलेली होती. तिच्यावर आकडा आला, ताशी ४०५ किलोमीटर!

खरा आकडा ४०७ होता, पण पूजोची ४०५ नावाची नवी गाडी तेव्हा बाजारात आली होती म्हणून ४०५ सांगितला, असा किस्सा रेसिंगवाले आजही सांगतात. ती पूजो ४०५ त्या वर्षी युरोपची ‘कार ऑफ द इयर’ होती, तेव्हा जाहिरात फुकटात झाली हे खरं.

पुढे इंजिन तापलं, बाकीच्या गोष्टींनीही मान टाकली आणि ५९ फेऱ्यांनंतर गाडी बाद. दुसरी गाडीही पहाट बघायला राहिली नाही. रविवारी ३९४ फेऱ्या मारून जॅग्वार जिंकली आणि पोर्शेची मालिका तुटली. पण कोड्याचं उत्तर हे, की डब्ल्यूएम ज्या शर्यतीला आली होती ती शनिवारी संध्याकाळीच संपली होती आणि तिच्यात ती पहिली आली होती.

दुसरी बाजू

इथे लेख संपवला असता तर छान फिल्मी झालं असतं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा आकडा नीट कौतुकाने बघता येत नाही.

१९८१ च्या ले माँमध्ये याच टीमची गाडी थिएरी बूत्सेन चालवत होता. युनोदिएरवर पूर्ण वेगात असताना सस्पेन्शन तुटलं. गाडीचे तुकडे उडाले. बूत्सेन सुखरूप बाहेर आला, पण रस्त्याकडेला उभा असलेला एक मार्शल जागीच गेला आणि आणखी दोघे जखमी झाले. त्याच शर्यतीत, त्याच रस्त्यावर, झाँ-लुई लाफोस हा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीच्या अपघातात मरण पावला.

मार्शल म्हणजे झेंडे दाखवणारी, अपघात झाला की धावत जाणारी माणसं. तीही बहुतांशी स्वयंसेवकच. म्हणजे तीही हौशी! ड्रायव्हरने धोका स्वतः निवडलेला असतो, त्याला हार्नेस असतो, भोवती पिंजरा असतो. कडेला उभ्या माणसाकडे काय असतं? तो काही ४०० पार करायला आलेला नसतो. आपण डिझाइनच्या पेपरात ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ लिहितो तेव्हा डोळ्यांसमोर फक्त गाडी आणि फार तर ड्रायव्हर असतो. कडेला उभा असलेला कोणी त्या गणितात येतच नाही. मला वाटतं, तो यायला हवा.

१९९० मध्ये युनोदिएरवर दोन शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणं आली. जागतिक संघटनेने दोन किलोमीटरहून लांब सरळ तुकडा चालणार नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे ४०५ चा विक्रम आजही कायम आहे, आणि रस्ता असाच राहिला तर कायमच राहील. काही चाहत्यांना याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत. विक्रम मोडण्याचा रस्ता बंद केला ही त्या विक्रमाला मिळालेली मोठीच पावती आहे, आणि मार्शलना मिळालेला थोडा उशिराचा न्यायही.

पुढे काय झालं?

वेल्टेर थांबला नाही. पुढे डब्ल्यूआर नावाने त्याने लहान इंजिनांच्या गाड्या बनवल्या आणि १९९५ मध्ये ले माँच्या पात्रता फेरीत त्याचीच गाडी पहिली आली. नोकरीतही तो पूजोच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. २०१८ मध्ये तो गेला. त्याच्या नावावर गाजलेली रस्त्यावरची गाडी म्हणजे पूजो २०५. ती आपल्याकडे विकली गेली नाही, पण तिचे दरवाजे आपल्याकडे आले होते! १९९० च्या दशकात आपल्या कल्याणच्या कारखान्यात पूजो ३०९ तयार व्हायची, आणि ३०९ ला दरवाजे २०५ चेच. आईवडिलांच्या जुन्या अल्बममध्ये एखादी पूजो दिसली तर दरवाजा जरूर बघा.

हौशी लोक ले माँला आजही असतात. तिथल्या जीटी-थ्री गटात प्रत्येक गाडीत किमान एक ‘ब्राँझ’ दर्जाचा, म्हणजे बहुधा हौशी, ड्रायव्हर असावाच लागतो. पण नोकरी सांभाळून आख्खी गाडी स्वतः बनवून मोठ्या कंपन्यांच्या रांगेत उभं राहणं आता जवळपास अशक्य झालंय.

आपल्याकडे ही चव घ्यायची तर बाजा आहेच. तिथेही शेवटी चार तासांची एंड्युरन्स असते, तिथेही समोर आपल्यापेक्षा तिप्पट स्पॉन्सरशिपवाल्या टीम असतात. टीममध्ये भांडणं होतात ती ‘सगळंच चांगलं करूया’ या हट्टापायी. माझं एवढंच म्हणणं आहे की पहिल्या मीटिंगला फळ्यावर एक आकडा लिहा. वजन इतके किलो, ब्रेकिंगचं अंतर इतके मीटर, काहीही, पण एकच. मग त्याच्यासाठी काय काय सोडणार ते खाली लिहा. आणि त्याच्याखाली तिसरी ओळ, हे बिनसलं तर कडेला कोण उभं असेल? पहिल्या दोन ओळी डब्ल्यूएमकडून घ्या. तिसरी १९८१ च्या त्या मार्शलकडून.

बाकी सबमिशनच्या शुभेच्छा!