फिट थांबली, स्मृतीचं काय?

माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डर पेनफिल्ड फिट्स थांबवण्यासाठी कानशिलाआडच्या टेम्पोरल लोबची एकाच बाजूची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं करत होते. स्मृती साफ गेल्याचं सहसा दिसत नसे. मग दोन रुग्णांनी त्यांना कोड्यात टाकलं. त्यातला एक होता इंजिनीअर. टेम्पोरल लोबच्या आतला, आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस डाव्या बाजूचा काढल्यावर त्याची बुद्धी आणि व्यवसायाचं ज्ञान शाबूत राहिलं, पण नुकतंच घडलेलं मनात टिकेना. दुसरी बाजू तर जागेवर होती! पेनफिल्ड आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी तर्क केला, की उजवी बाजू आधीपासूनच निकामी असणार. १९६४ साली तो रुग्ण वारला आणि शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आक्रसलेला निघाला.

गाजला मात्र हेन्री मोलेसन. १९५३ साली हार्टफर्डमध्ये शल्यविशारद विल्यम स्कोविल यांनी त्याच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग दोन्ही बाजूंनी कापला. फिट्स खूप कमी झाल्या, बुद्ध्यंक ११२ भरला आणि नवी आठवण बनणं थांबलं ते २००८ साली मरेपर्यंत. मिल्नर त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावत. तीन दिवसांत त्याचा हात सफाईनं फिरू लागला, पण आपण हे आधी केलंय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

या धड्यांनंतर जून वाडा यांची भाषेची बाजू ओळखणारी चाचणी स्मृतीसाठीही वापरात आली. रुग्ण दोन्ही हात वर धरून मोजत असतो. मानेतल्या धमनीत अमोबार्बिटल हे गुंगीचं औषध गेलं, की मेंदूचा तो अर्धा भाग झोपतो आणि विरुद्ध बाजूचा हात खाली येतो. त्या काही मिनिटांत वस्तू दाखवायच्या, गुंगी उतरल्यावर विचारायचं. कापायची बाजू झोपवल्यावर उरलेली बाजू एकटी स्मृती सांभाळू शकते का, हे त्यातून कळतं. आता हे काम बरंचसं एमआरआयवर होतं.

यातून निघालेला हिशेब काहीसा क्रूर आहे. कापलेला भाग आधीच खराब असेल, तर गमवायला फारसं नसतं. तो चांगला चालत असेल, तर फटका मोठा. म्हणजे ज्याची स्मरणशक्ती तल्लख, धोका त्यालाच जास्त. २०११ च्या एका आढाव्यात डाव्या टेम्पोरल शस्त्रक्रियेनंतर ४४ टक्के रुग्णांची शाब्दिक स्मृती घटलेली दिसली, उजव्या बाजूला २० टक्के. रुग्ण शिक्षक किंवा वकील असेल, तर ही घट पोटावर येते. पण शस्त्रक्रिया टाळणं म्हणजे स्मृती वाचवणं, असंही नाही. वर्षानुवर्षं येणाऱ्या फिट्सही ती पोखरतातच.

मुलांना शस्त्रक्रियेचा किती उपयोग होतो, याचा भक्कम पुरावा दिल्लीच्या एम्सचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११६ मुलं होती. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के फिटमुक्त, नुसत्या औषधांवरची ७ टक्के. किंमतही होती, १५ मुलांच्या एका बाजूच्या हातापायांत कमजोरी आली, काही शस्त्रक्रियांत ती अपेक्षितच असते. बुद्ध्यंक मोजला बिने-कामत चाचणीनं, जी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली होती. त्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वागणूक आणि जगण्याचा दर्जा यांत मात्र शस्त्रक्रिया झालेली मुलं स्पष्टपणे पुढे होती.