रापणकरांचा कुत्रा, लाटसाहेबांची स्पर्धा

देवबागच्या पुळणीवर सकाळी रापण ओढायला माणसं उभी राहिली की कुरव पक्षी आणि गावठी कुत्रे न बोलावता जमतात. दोघांची नजर जाळ्यातून निसटणाऱ्या तारलीवर. गेल्या पौषात त्या मेळ्यात माझा काळू घुसला. काळा लॅब्रॅडॉर, वय चार, वजन एक्केचाळीस किलो. असायला हवं होतं तेहेतीस. मासळीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट लाटेत शिरला, जाळ्याच्या वरच्या दोराचं एक बूच अलगद दातांत धरलं आणि अख्खी रापण एकट्याने ओढून आणायच्या आवेशात किनाऱ्याकडे वळला. दोर धरलेले एक वयस्क काका आधी कावले, मग त्याच्या पोटाकडे बघून हसले. "कामाचो कुत्रो बसवन ठेवलंस तर तो खातलोच मगे!"

काकांना कल्पना नव्हती, पण नेम बरोबर लागला होता. लॅब्रॅडॉर मुळात रापणकरांचाच कुत्रा. नाव कॅनडातल्या लॅब्रॅडॉर या भागाचं, घर मात्र शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचं. तिथले कॉड पकडणारे मच्छीमार 'सेंट जॉन्स' नावाचा काळा, आखूड केसांचा कुत्रा सोबत ठेवत. गळातून सुटलेला मासा पाण्यात झेप घेऊन पकडायचा, दोराचं टोक तोंडात धरून पोचवायचं, ही त्याची कामं. हिवाळ्यात तिथलं समुद्राचं पाणी शून्य अंशाच्या आसपास जातं. अंगावर वरून राठ, तेलकट केस आणि आत लोकरीसारखा दाट थर, बोटांमध्ये पडदे, पाणमांजरासारखी बुडाशी जाड शेपटी, हा सगळा सरंजाम त्या पाण्यासाठी. आमच्या मालवणात पहाटे १८ अंशांवर पारा आला की माणसं कानटोप्या शोधतात!

१८१४ साली कर्नल पीटर हॉकर या इंग्रज शिकाऱ्याने आपल्या पुस्तकात या कुत्र्याची तोंड भरून तारीफ केली. न्यूफाउंडलंडची मासळी घेऊन पूल बंदरात येणाऱ्या जहाजांतून तो इंग्लंडला उतरत होताच. माम्सबरीच्या अर्लनी तो पाळला आणि १८८०च्या दशकात त्यातले काही बक्लूच्या ड्यूकना दिले. आजच्या लॅब्रॅडॉरची वंशावळ तिथवर जाते. १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. मासा उचलणारं तोंड आता गोळी लागून पडलेले पक्षी उचलू लागलं. मूळचा सेंट जॉन्स कुत्रा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाला, आणि १९९२ मध्ये कॉड इतका आटला की कॅनडा सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीच्या भांडणात अर्धं आयुष्य गेलेल्या आपल्या रापणकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

लाटसाहेबांनी या कुत्र्यांच्या स्पर्धा सुरू केल्या त्या शिकारीच्या हंगामात, म्हणजे ऐन थंडीत. त्यांना फील्ड ट्रायल म्हणतात. अमेरिकेतल्या लॅब्रॅडॉर क्लबची पहिली ट्रायल झाली २१ डिसेंबर १९३१ला, न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर इथे. डिसेंबर १९३८ मध्ये 'ब्लाइंड ऑफ आर्डन' हा ट्रायल जिंकणारा काळा लॅब्रॅडॉर 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरलेला 'किंग बक' तर १९५९च्या तिकिटावर आला. हे टपालाचं तिकीट नव्हे. बदकांच्या शिकाऱ्यांना सरकारकडून दरवर्षी घ्यावं लागणारं. आधीच्या तिकिटांवर फक्त पक्षीच असायचे.

या परीक्षेतला सोपा वाटणारा भाग आठवणीचा. कुत्रा मालकाच्या डाव्या पायाशी बसलेला. समोर तीन ठिकाणी बार होतात, तीन पक्षी पडतात. हलायचं नाही. क्रमांक पुकारला गेला की सुटायचं आणि एकेक करून तिन्ही आणायचे. पहिला आणताना उरलेल्या दोघांच्या जागा डोक्यात पक्क्या राहायला हव्यात. बाजारातून तीन जिनसा आणायला सांगितल्यावर दुसरी विसरणाऱ्या माझ्यासारख्याने यावर अधिक बोलू नये.

खरी कसोटी पुढची. पक्षी तलावापलीकडे आधीच ठेवलेला असतो. मालकाला जागा माहीत, कुत्र्याने काहीच पाहिलेलं नाही. वासही यायचा नाही इतकं अंतर. मालक हाताने दिशा दाखवतो आणि कुत्रा पाण्यात पडतो. काठाला बर्फाची पातळ पापडी धरलेली. थोडा पोहल्यावर त्याला डावीकडे कोरडा बांध दिसतो. बांधावरून पळत गेलं तर अंगही भिजणार नाही आणि लवकरही पोचता येईल, हे कोणत्याही शहाण्या प्राण्याला कळतं. तो तिकडे वळू लागतो. तेवढ्यात शिट्टीचा एक लांब सूर. कुत्रा पाण्यातच वळतो, पाय मारत जागीच तरंगतो आणि काठावरच्या पांढऱ्या डगल्यातल्या माणसाकडे बघतो. माणूस उजवा हात आडवा पसरतो. कुत्रा बांधाकडे पाठ फिरवून पुन्हा खोल, गार पाण्यात शिरतो.

परीक्षक नेमका हाच क्षण बघत असतात. वेगाने पोहणारे कुत्रे पुष्कळ मिळतात. स्वतःच्या डोळ्यांना दिसणारी सोपी वाट सोडून दूरच्या माणसाच्या हाताच्या खुणेवर विश्वास ठेवणारा कुत्रा घडवायला मात्र वर्षं जातात, आणि थंडी त्या विश्वासाची किंमत वाढवते. ब्रिटनमधले नियम आणखी कडक. शिकारीच्या वेळी कुत्रा नुसता कुईकुई करत राहिला तरी बाद. पक्षी दातांनी चिरडला तरी बाद. परीक्षक पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतात. काळूने ते बूच परत दिलं तेव्हा त्यावर दाताचा ओरखडाही नव्हता. ही एकच परीक्षा तो न शिकवता पास झाला असता.

थंडीचे धोके खरेच आहेत. पाणी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने अंगातली ऊब शोषतं. त्यामुळे कुत्रा बाहेर आला की टॉवेलने खरवडून कोरडा करतात, जाडसर रबरी जाकीट घालतात, पेंढा अंथरलेल्या खोक्यात बसवतात. एक विकार तर याच कामाचा म्हणावा असा. गार पाण्यात पोहून आलेल्या कुत्र्याची शेपटी बुडापासून लुळी पडते, दोरीसारखी लोंबते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप बरी होते. एडिंबराच्या संशोधकांना २०१६च्या अभ्यासात हा त्रास ब्रिटनच्या उत्तरेकडच्या, म्हणजे जास्त थंड भागातल्या आणि कामकरी लॅब्रॅडॉरमध्ये अधिक आढळला.

आपल्या देशात बंदुकीच्या ट्रायलला जागा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. पण या कुत्र्याने आपल्याकडे दुसरं काम शोधलं. १९९३च्या मुंबई स्फोटांच्या काळात पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकल्याची नोंद आहे. बर्फातलं उदाहरण हवं तर फेब्रुवारी २०१६चं सियाचीन आठवा. हिमस्खलनानंतर सहाव्या दिवशी लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड बर्फाखाली जिवंत सापडले, त्या शोधात डॉट आणि मिशा हे लष्कराचे कुत्रे होते. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात हनुमंतप्पांचं निधन झालं.

आणि आमचे लॅब्रॅडॉर? कुडाळ-कणकवलीच्या बंगल्यांत फरशीवर धापा टाकत पडलेले असतात. खादाडपणाचा सगळा दोष त्यांचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पोमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशांची भूक आणि वजन इतरांपेक्षा जास्त. त्यात आपण चहासोबत बटर भरवतो. गार पाण्यासाठी विणलेला कोट, वर कोकणचा उकाडा आणि कामाच्या नावाने शून्य.

काळू आता रोज पहाटे कर्लीच्या खाडीतून सोडणं आणतो. असोल्या नारळाचं सोडण तरंगतं, मऊ असतं आणि फुकट मिळतं. तीन महिन्यांत चार किलो उतरले. हाताच्या खुणेवर तो अजून दोनदा वळतो आणि तिसऱ्यांदा काठाकडे पळतो. शिकवणारा कच्चा आहे.

तुमच्याकडे लॅब्रॅडॉर असेल आणि जवळ पाणी असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. ऊन चढण्याआधी, आठच्या आत आटोपा. देवबागला खाडी समुद्राला मिळते तिथे ओढ फार असते, तिकडे नेऊ नका. सोडण कुरतडून गिळू देऊ नका. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि कान आतून कोरडे करा. पुळणीवर रापण चालू असेल तर मात्र कुत्र्याला साखळी लावा; जाळ्याची बुचं मोजून बांधलेली असतात.