‘व्हर्टिकल सिंक’ : एक संज्ञा आणि तिचा व्यवहार

संगणकावरील खेळाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘व्हर्टिकल सिंक’ ही संज्ञा हटकून आढळते. तिच्यातील ‘व्हर्टिकल’ म्हणजे उभे, ते नेमके काय, याचा उलगडा मात्र तेथे कोठेही केलेला नसतो. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात डोकावण्याचे कारण एवढेच.

जुन्या दूरचित्रवाणी संचातील नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेषा काढीत तळाशी येई आणि पुन्हा माथ्याकडे परते. हा उभा परतीचा प्रवास चालू असताना चित्र बदलले तर ते डोळ्यांस कळत नसे. आजच्या सपाट पडद्यांत झोत उरलेला नाही, शब्द तेवढा उरला आहे. शिसपेन्सिलीत तरी शिसे कोठे असते? तथापि पडदा अद्याप वरून खाली, ओळीओळीनेच नवा होतो, हे ध्यानात ठेवावयास हवे. मराठीत ‘उभा मेळ’ म्हणण्यापेक्षा ‘पडदामेळ’ म्हणणे मला अधिक सार्थ वाटते.

येथे दोन आकड्यांची गल्लत होते. पडदा सेकंदास किती वेळा नवा होतो, हा एक. संगणक सेकंदास किती चित्रे सिद्ध करतो, हा दुसरा. दुसऱ्यासच ‘फ्रेम रेट’ म्हणतात. दोहोंचा मेळ नसला तर पडदा अर्धा भरला असतानाच नवे चित्र येऊन आदळते. वर जुने, खाली नवे, आणि मध्ये आडवी चीर दिसते. पडदामेळ चालू असता संगणक पडद्यासाठी थांबतो. मात्र या थांबण्यास किंमत पडते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्रास १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्रास १७ लागले, तर एस.टी. मिनिटभराने चुकलेल्या उतारूप्रमाणे त्यास पुढील फेरीची वाट पाहावी लागते, आणि साध्या मांडणीत दर एकदम ३० वर उतरतो. शिवाय हाताची हालचाल पडद्यावर किंचित उशिरा उमटते. म्हणून पुष्कळ खेळाडू पडदामेळ बंद करतात.

हा केवळ चित्राच्या देखणेपणाचा प्रश्न असता तर त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. परंतु २०११ साली निघालेल्या ‘स्कायरिम’ या खेळात वस्तूंच्या हालचालींचे गणित फ्रेम रेटशी बांधलेले आहे. त्याच्या ‘आयएनआय’ सेटिंग्जमधील ‘एफमॅक्सटाइम’ नावाचे मूल्य मुळात ०.०१६६, म्हणजे सुमारे सेकंदाचा साठावा भाग, असे धरलेले असते. अशाच सेटिंग्जमधील ‘आयप्रेझेंटइंटरव्हल’चे मूल्य ० केले की पडदामेळ सुटतो. मग दर १४४ पर्यंत चढला, तर आरंभीच्या प्रसंगात कैद्यांना नेणारी गाडी रस्त्यावर उड्या मारू लागते, आणि घरात शिरताच टेबलावरील भांडी आपोआप भिरकावली जातात. चित्राचे म्हणून जे सेटिंग समजले, ते वस्तुतः त्या सृष्टीचे घड्याळ होते! ‘डार्क सोल्स २’मध्ये (२०१४) असेच घडले होते. ६० चित्रांच्या दराने खेळताना शस्त्रे ३० च्या मानाने दुप्पट वेगाने झिजत. २०१५ साली हा दोष दूर करण्यात आला.

यास्तव ‘स्कायरिम’ खेळणाऱ्याने, विलंब जाचत असल्यास, पडदामेळ खुशाल बंद करावा. पण त्याच वेळी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग्जमधून दरावर ६० ची मर्यादा घालावी. केवळ पहिले करून दुसरे विसरणे, ही नेहमीची चूक होय. संगणकाच्या सोयीने आपली गती बदलणारा मॉनिटर असेल, तर ६० च्या मर्यादेतही चीर टळते. ‘एफमॅक्सटाइम’ ०.००६९ करून १४४ चा दर साधता येतो खरा. परंतु तो दर सतत टिकणारा संगणक हवा, आणि असे संगणक सर्वांकडे नसतात. बदल करण्यापूर्वी मूळ फाइलीची व जतन केलेल्या खेळाची प्रत बाजूस ठेवावी. नंतर नवा खेळ सुरू करून प्रथम ती गाडी सरळ चालते की नाही, हे पाहावे.